सिम्युलेशन बेसबॉलमधले स्टार्टिंग पिचर

सिम्युलेशन बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवरून कार्डं किंवा रेटिंग बनवून फासे टाकून नाहीतर कॉम्प्युटरवर खेळलेला बेसबॉल. अमेरिकेत याच्या लीगच्या लीग चालतात, लोक ड्राफ्ट करतात (आळीपाळीने खेळाडू निवडून टीम बनवतात), 162 मॅचेसचा पूर्ण सीझन काढतात आणि मग एक तक्रार हमखास येते की माझा पिचर खऱ्या आयुष्यात ईआरए 2.20 वाला, इथे 3.40 कसा काय? (ईआरए म्हणजे फिल्डरच्या चुका सोडून पिचरने दर 9 इनिंगला सरासरी किती रन दिले ते.) ही तक्रार स्टार्टिंग पिचरबद्दल, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या मुख्य बोलरबद्दलच जास्त असते. बहुतेक वेळा गेममध्ये काही बिघडलेलं नसतं, त्या ईआरएमध्ये पिचरचं स्वतःचं किती होतं तोच खरा प्रश्न असतो.

आधी थोडा इतिहास. 1941 मध्ये आलेल्या 'ऑल-स्टार बेसबॉल' या चकती फिरवायच्या गेममध्ये पिचरला काही कामच नव्हतं, बॅटरची चकती फिरवली की निकाल हातात. आपल्या शाळेतलं बुक क्रिकेट आठवा, पान उघडलं की चौकार नाहीतर आऊट, बोलर कोण हे कोणी विचारत नाही, तसंच. 1951 च्या 'एपीबीए'ने पिचरला ए, बी, सी, डी अशा ग्रेड दिल्या, चांगल्या ग्रेडचा पिचर असेल तर बॅटरच्या काही हिट्स (बॅटरला बेसवर, म्हणजे धावायच्या टप्प्यावर पोचवणारे फटके) आऊट होतात. खरा बदल आणला हॅल रिचमनच्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'ने, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. यात तीन फासे, पहिल्यावर 1 ते 3 आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, 4 ते 6 आलं तर पिचरचं, आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून त्या रकान्यातला निकाल वाचायचा. म्हणजे निम्मा खेळ पिचरच्या हातात आणि निम्मा समोरच्याच्या.

हे निम्मं-निम्मं समजलं की अर्धी तक्रार तिथेच मिटते. पेड्रो मार्टिनेझचा 2000 चा सीझन घ्या, बोस्टन रेड सॉक्सकडून 18-6 (त्याच्या नावावर 18 विजय, 6 पराभव), ईआरए 1.74, आणि त्याच्यासमोर बॅटर बेसवर पोचायचं प्रमाण फक्त .213 (म्हणजे शंभरात साधारण 21 वेळा), जेव्हा अख्ख्या अमेरिकन लीगचं (मुख्य बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) होतं .349. आता निम्मे फासे सरासरी बॅटरच्या .349 वाल्या कार्डावर पडणार असतील तर एकूण .213 यायला पेड्रोच्या कार्डावर किती हवं? दुप्पट करून वजा करा, .426 मधून .349 गेले, उरले .077. म्हणजे त्याचं कार्ड जवळजवळ आऊटांनीच भरलेलं पाहिजे. पण ड्राफ्ट लीगमध्ये सरासरी बॅटर कोण ठेवतो? सगळे निवडून निवडून घेतलेले. समोरची टीम .380 ची असेल तर तेच कार्ड .229 देतं, आणि हा पेड्रो आहे, साध्या चांगल्या पिचरचं काय होत असेल विचार करा. कार्ड तेच, समोरची माणसं बदलली.

वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकत्र आणले की आणखी मजा. बॉब गिब्सनचा 1968 चा 1.12 ईआरए सगळ्यांना पाठ असतो, 34 स्टार्टपैकी 28 मॅचेस त्याने स्वतःच संपवल्या, 13 शटआऊट (समोरच्याला एकही रन न देता संपवलेल्या मॅचेस). पण ते वर्षच पिचरांचं होतं, दुसऱ्याच वर्षी पिचरचा उंचवटा 15 इंचांवरून 10 वर आणावा लागला. त्याच्यासमोर बेसवर जायचं प्रमाण .233 आणि नॅशनल लीगचं .300, म्हणजे वरच्याच हिशोबाने त्याचं कार्ड येतं .166 चं. त्याला 2000 सालच्या सरासरी बॅटरसमोर उभं केलं की .257. गिब्सन खराब झाला असं नाही, पण 1.12 बघून पहिल्या राउंडला त्याला उचलणारा मालक मात्र सीझनभर कपाळाला हात लावून बसतो. काही कॉम्प्युटर गेम खेळाडूला त्याच्या काळाच्या सरासरीशी तोलूनच रेटिंग देतात, तिथे हा घोळ कमी होतो.

दुसरं कारण नशीब, आणि ते दोनदा लागतं. 2001 च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या माणसाने मांडलं की स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटर आऊट), वॉक (चार खराब बॉलवर फुकट बेस) आणि होम रन (षटकारासारखा बाहेर गेलेला फटका) पिचरच्या हातात असतात, पण बॉल मैदानात मारला गेला की तो हिट होईल की झेल, यावर पिचरचा कंट्रोल लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी. लोक चिडले होते तेव्हा. नंतर टॉम टिपेटने, तोच 'डायमंड माइंड बेसबॉल' बनवणारा, हे तपासून थोडी मुरड घातली की फरक असतो, पण लहान असतो. पुन्हा पेड्रोच बघा: 1999 मध्ये 313 स्ट्राइकआऊट, फक्त 9 होम रन, तरी ईआरए 2.07, 2000 मध्ये 284 स्ट्राइकआऊट, 17 होम रन, आणि ईआरए त्याहून कमी, 1.74. कारण 1999 मध्ये मैदानात पडलेल्या दर 100 बॉलमागे साधारण 32 हिट झाल्या, 2000 मध्ये 24. आता जो गेम या हिट्स जशाच्या तशा कार्डावर छापतो त्यात 2000 चा पेड्रो भारी, आणि जो गेम पिचरला फक्त स्ट्राइकआऊट-वॉक-होम रनवर तोलतो त्यात 1999 चा. माझं मत विचाराल तर 1999 चाच घ्या.

कार्डात त्या वर्षीचं नशीब आधीच गोठलेलं असतं आणि त्यावर फाशांचं नवीन नशीब चढतं. एका सीझनला स्टार्टर साधारण 800 बॅटरना बॉल टाकतो, त्यातले 30 टक्के बेसवर जाणार असं धरलं तर 240, पण नुसत्या योगायोगाने 13 इकडे किंवा 13 तिकडे होणं अगदी रोजचं आहे. शिवाय फिल्डर: स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये पिचरच्या कार्डावरचे बरेच निकाल थेट फिल्डरकडे जातात, त्याला 1 (उत्तम) ते 5 (वाईट) रेटिंग असतं, आणि शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या जागी) 4 वाला उभा केला असेल तर पिचरला शिव्या देऊन उपयोग नाही.

विन-लॉसबद्दल जास्त बोलायलाच नको, फाशांना ते माहीतच नसतं. जेकब डिग्रॉम 2018 मध्ये ईआरए 1.70 असून 10-9 राहिला, नोलन रायन 1987 मध्ये लीगमध्ये सगळ्यात कमी 2.76 ईआरए घेऊन 8-16 हरला, आणि उलट स्टीव्ह कार्लटन 1972 मध्ये अख्ख्या सीझनमध्ये फक्त 59 मॅचेस जिंकणाऱ्या फिलीज टीमकडून एकटा 27 जिंकून बसला. पुन्हा सीझन खेळवला तर पहिल्या दोघांचं रेकॉर्ड सुधारायचीच शक्यता जास्त आणि कार्लटनचे 27 परत येणं अवघड.

एक गोष्ट मात्र सिम्युलेशनमध्ये पिचरच्या फायद्याची असते. खऱ्या खेळात तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की स्टार्टर जास्त मार खातो, त्यांनी त्याचे बॉल बघितलेले असतात. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या (सीझनच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या मॅचमध्ये टॅम्पा बेच्या स्टार्टर ब्लेक स्नेलला 73 बॉलनंतर, 9 स्ट्राइकआऊट असतानाही, याच भीतीने काढलं आणि टॅम्पा बे हरली, त्यावरून अजून वाद चालतो. साध्या कार्डाच्या गेममध्ये पहिल्या इनिंगचं कार्ड आणि पाचव्या इनिंगचं कार्ड एकच, दमण्याचा आकडा येईपर्यंत काहीच बदलत नाही.

आणि दुखापत. खऱ्या मॅनेजरला कोपराची काळजी असते, टॉमी जॉन या पिचरच्या 1974 च्या कोपराच्या ऑपरेशननंतर तर सगळ्या बेसबॉललाच, पण गेममधल्या मॅनेजरला कसली आलीये? ज्याने खऱ्यात 12 स्टार्ट झकास टाकून बाकी सीझन घरी काढला, त्याला हे लोक बिनधास्त 35 स्टार्ट टाकायला लावतात. म्हणून बऱ्याच लीगमध्ये नियम असतो की खऱ्या इनिंगपेक्षा ठराविक टक्केच जास्त टाकता येतील, आणि सप्टेंबर, म्हणजे सीझनचा शेवट आला की अर्धी लीग वही उघडून कोणाच्या किती इनिंग उरल्यात तेच मोजत बसलेली असते.