फ्रेंकेलचे व्यायाम लहान मेंदूकडे कसे आले?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून तपासून आलेल्या अटॅक्सियाच्या, म्हणजे हालचालींचा तोल आणि ताळमेळ बिघडलेल्या, पेशंटच्या चिठ्ठीवर औषधांखाली अनेकदा एक ओळ असते : फ्रेंकेल, बॅलन्स (तोल), गेट ट्रेनिंग (चालण्याचा सराव). यातल्या पहिल्याच शब्दात घोळ आहे.

फ्रेंकेल या डॉक्टरांच्या नावाचे हे व्यायाम निघाले १९व्या शतकाच्या अखेरीस, स्वित्झर्लंडमध्ये. पण हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूच्या बिघाडासाठी नव्हे, सिफिलिसमधून होणाऱ्या टेबीस डॉर्सालिस या आजारासाठी. त्यात मज्जारज्जूतल्या संवेदनेच्या वाटा निकामी होत आणि आपला पाय नेमका कुठे आहे हेच पेशंटला कळेनासे होई. ती उणीव डोळ्यांनी भरून काढायची, म्हणून जमिनीवर खुणा आखून, मोजत, सावकाश पाऊल टाकायचे. पेनिसिलिन आले, टेबीस दुर्मीळ झाला, व्यायाम मात्र पाठ्यपुस्तकात राहिले. 'अटॅक्सिया' हा शब्द दोन्हीकडे सारखाच असल्याने ते लहान मेंदूच्या पेशंटच्याही वाट्याला आले. खरे तर फरक उभे राहिल्या राहिल्या दिसतो. संवेदनेचा पेशंट डोळे मिटले की कोसळू लागतो. लहान मेंदूचा पेशंट डोळे उघडे असतानाही डुलतो. पाय कुठे आहे हे त्याला दिसते आणि जाणवतेही. बिघाड असतो हालचालीच्या वेळेत आणि मापात. तिथे नुसत्या नजरेची मदत किती पुरणार? या व्यायामांचा काहीच उपयोग नाही असे नव्हे, पण सगळी फिजिओथेरपी तेवढ्यावर उरकणे चूक, असे माझे मत.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांच्या तपासणीतून लहान मेंदूच्या लक्षणांची नेमकी नोंद झाली. उपचार मात्र पुढे कित्येक दशके वॉकर, आधार आणि जपून चालण्याचा सल्ला एवढ्यातच अडकले. हालचाल शिकवणारा भागच बिघडलाय, मग शिकवायचे कोणाला, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

तो ढिला पडला २००९ साली. जर्मनीत १६ पेशंटना ४ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर सराव दिला गेला : एका पायावर उभे राहणे, चालताना तोल सांभाळणे, धड आणि हातपाय एकत्र हलवणे, पडता पडता पाऊल टाकून सावरणे. सुधारणा झाली. वर्षभरात रोग पुढे सरकला, तरी काही फायदा टिकून होता. २०१२ मध्ये जपानमध्ये ४२ पेशंटना भरती ठेवून ४ आठवडे रोज सराव करवला, तेव्हाही चालणे सुधारले. पुढच्या महिन्यांत मात्र फायदा हळूहळू ओसरत गेला. दोन्हीकडे मोजमापाला २००६ मध्ये आलेली, अटॅक्सियाची तीव्रता मोजणारी ४० गुणांची 'सारा' पट्टी होती.

आता भांडण आहे ते मात्रेचे, म्हणजे सराव किती द्यायचा याचे. आठवड्याला एकदा येऊन शेक नि करंट घेऊन जाणे म्हणजे हा सराव नव्हे. गडचिरोलीहून येणाऱ्याला तीनदा या म्हणणेही सोपे नाही. त्याला दोन-तीन बैठकांत व्यायाम बसवून द्यायचे, घरच्या एकाला मागे उभे राहून धरायला शिकवायचे आणि रोजचा तासभर घरीच, भिंतीजवळ, करायला लावायचा.