क्लाउस मोये: रंगीत काचा एकत्र नांदवणारा शिक्षक

लाल आणि निळी काच भट्टीत तापवून एकजीव केली, तर गरम असेपर्यंत काही बिघडत नाही. घात होतो तो थंड होताना. काचेला रंग येतो कोबाल्ट, तांबं, कॅडमियम यांच्या संयुगांमुळे. रंग बदलला की काचेची घडण बदलते आणि ती किती आकसेल हेही बदलतं. अशी काच एका अंशाला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखांतल्या नऊ भागांनी आकसते. शेजारची काच दहा भागांनी आकसली, तर 500 अंश उतरेपर्यंत मीटरभर पट्टीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. काच दाब चांगला सोसते, ओढ मात्र तिला सोसवत नाही. ती तडकते, कधी भट्टीत, कधी काही दिवसांनी.

1936 साली हॅम्बुर्गमध्ये जन्मलेले काचकार क्लाउस मोये घरच्याच कारखान्यात काच घासायला, तिला पैलू पाडायला शिकले. पुढे ते रंगीत कांड्यांचे तुकडे भट्टीत जोडू लागले. पण एकमेकींशी जमणाऱ्या काचा फार थोड्या, त्यामुळे रंगही मोजकेच. 1979 मध्ये ते अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेले. तिथे पोर्टलंडच्या बुल्सआय या काचकारखान्याच्या लोकांशी गाठ पडली. एकत्र वितळवता येतील अशा रंगीत काचा बनवा, असा आग्रह मोयेंनी धरला, आणि कारखान्याने तो मनावर घेतला. माझ्या मते त्यांच्या कुठल्याही कलाकृतीपेक्षा हा आग्रह मोठा, कारण त्याचा लाभ पुढच्या प्रत्येक काचकाराला झाला.

अशा काचांची पारख सुंदर असते. रंगीत तुकडा पारदर्शक पट्टीवर वितळवून जोडतात, सावकाश थंड करतात आणि दोन ध्रुवक गाळण्यांमध्ये, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणाऱ्या पडद्यांमध्ये, धरून पाहतात. आत ताण उरला असेल, तर तुकड्याभोवती उजेडाची कड दिसते.

1982 मध्ये मोये ऑस्ट्रेलियात गेले आणि कॅनबेरा कलाशाळेत त्यांनी काचविभाग उभा केला. तेव्हा स्टुडिओतली काच म्हणजे मुख्यतः फुंकलेली काच. त्यांनी भट्टीकाम आणि थंड काचेची घासाई यांना तेवढाच मान दिला. कर्स्टी री, जेसिका लॉकलिन यांच्यासारखे कलावंत याच शाळेतून पुढे आले.

मोये 2016 मध्ये वारले. 2007 मध्ये पोर्टलंडला त्यांनी केलेल्या भल्यामोठ्या फलकांत हाताने कापलेल्या हजारो रंगीत पट्ट्या एकमेकींना खेटून वितळलेल्या आहेत. 1979 पूर्वीच्या काचेत हे काम झालंच नसतं.