व्यसनाच्या संशोधनात आतड्यातले जिवाणू कुठून आले?

अफूने हगवण थांबते, हे वैद्यांना शतकानुशतकं माहीत होतं. ओपिऑइड, म्हणजे अफू, तिच्यातलं मॉर्फिन आणि तशीच द्रव्यं, पेशींवरच्या ज्या ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या रेणूंना) चिकटतात, ते मेंदूइतकेच आतड्यातही आहेत. शरीरातलंच मॉर्फिनसारखं द्रव्य १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं, तेव्हा त्याची परीक्षासुद्धा गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर झाली. तरी तिथल्या जिवाणूंकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २००४ मध्ये जपानमध्ये जंतुविरहित वाढवलेले उंदीर ताणाला जास्त तीव्र प्रतिसाद देतात असं दिसलं, आणि आतडं-मेंदू नात्याकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

पुढच्या दशकात मॉर्फिनची पाळी आली. मॉर्फिनमुळे आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंचे अंश पलीकडे झिरपतात आणि दाह वाढतो. २०१९ च्या उंदरांवरच्या प्रयोगात जंतुविरहित उंदरांमध्ये मॉर्फिनचा वेदनाशामक असर लवकर ओसरला नाही. म्हणजे तोच असर मिळावा म्हणून डोस वाढवत नेण्यामागे जिवाणूंचाही हात असावा.

खरा वाद आहे तो पद्धतीचा. जिवाणूंची भूमिका तपासायला बहुतेक प्रयोगशाळा पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिक्सचं मिश्रण घालतात. पाणी कडू होतं, उंदीर कमी पितात. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी फुगून कित्येक पट होते. व्हँकोमायसिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, पण मेट्रोनिडाझोल थेट मेंदूत पोचतं. मग वागणुकीतला बदल जिवाणू गेल्यामुळे की औषधामुळे? निकालही एका दिशेचे नाहीत. २०२१ मध्ये अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना मॉर्फिन मिळालेल्या कप्प्याची ओढ कमी वाटली. नंतर अँटिबायोटिक दिलेल्या रॅटनी (मोठ्या जातीच्या उंदरांनी) फेन्टॅनिल हे कृत्रिम ओपिऑइड उलट जास्त घेतलं. मात्र दोन्हीकडे, जिवाणू तंतुमय अन्नापासून बनवतात ती आखूड साखळीची मेदाम्लं परत दिल्यावर वागणूक बरीचशी पूर्ववत झाली. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत भक्कम पुरावा हाच, कारण अँटिबायोटिक चालू असतानाही तो टिकला.

माणसांत गुंता मोठा आहे. व्यसनी माणसाचा आहार, बद्धकोष्ठ, सिगरेट, घेतलेली अँटिबायोटिक्स, सगळंच जिवाणू बदलतं. त्यामुळे प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, गोळ्या व्यसनमुक्तीच्या नावाने विकणं आज सरळ फसवणूक आहे. ओपिऑइडच्या व्यसनावरची मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं जीव वाचवतात, हे मात्र माणसांवरच सिद्ध झालेलं आहे.