‘दोन टक्के’ नक्की कशाचे?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत वर्गणीचं पुस्तक घेऊन जाणारे हमखास ऐकवतात, “उलाढालीतले दोन टक्के सीएसआरला द्यावेच लागतात तुम्हाला!” चूक. सीएसआर म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायचा खर्च; त्याचे हे दोन टक्के मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे असतात. तेही सगळ्यांना नाहीत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : आदल्या आर्थिक वर्षी नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी गाठलेलं हवं. दहा-बारा कामगारांच्या वर्कशॉपला हे कुठून लागणार? शिवाय जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप यात धरत नाहीत. म्हणजे मंडपाच्या कमानीवरचा कंपनीचा फलक बाद. (कमान मात्र दरवर्षी मोठी होतेय.) आणि ‘टॅक्स वाचवायला करतात’ म्हणाल, तर हा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजाच होत नाही.