मण्यांनी मढवलेली कवटी

गाय, बैल, मेंढा, हरीण अशा जनावराची साफ केलेली कवटी घेऊन तिच्यावर बारीक काचेचे मणी बसवून केलेली शोभेची वस्तू. यात सगळ्यात जास्त नाव आहे ते मेक्सिकोतल्या विशारिका लोकांच्या कामाचं, बाहेर त्यांना हुइचोल म्हणतात. पश्चिम सिएरा माद्रे डोंगरात, हालिस्को, नायारित, दुरांगो नि साकातेकास या राज्यांत त्यांची वस्ती.

हे काम नेमकं किती जुनं यावरून बराच घोळ आहे. विक्रेते सरसकट 'प्राचीन परंपरा' असं लेबल लावतात, ते अर्धंच खरं धरावं. मेणावर मणी दाबून बसवायची पद्धत जुनी आहे यात वाद नाही, कारण नॉर्वेचा संशोधक कार्ल लुमहोल्ट्झ १८९० च्या दशकात तिथे राहून आला आणि १९०० साली त्याने हुइचोल प्रतीकांवर जो ग्रंथ छापला त्यात देवाला वाहायच्या, भोपळ्याच्या कवचाच्या मणी लावलेल्या वाट्या आहेत. युरोपी काचमणी यायच्या आधी शिंपले, बिया, दगड वापरत असावेत असं म्हणतात. पण वाटी म्हणजे कवटी नव्हे. अख्खी कवटी मढवणं हे बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, विशारिकांची लोकरीचा दोरा मेणावर चिकटवून केलेली चित्रं शहरात विकली जायला लागली त्यानंतरचं, आणि हेच मत जास्त पटतं. काहीजण धागा थेट जुन्या मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांच्या, फिरोजा हा निळसर दगड जडवलेल्या कवटीपर्यंत नेतात, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण ती माणसाची आणि तिथे दगडाचे तुकडे जडवलेत, त्यामुळे नातं जोडणं जरा ओढूनताणूनच. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कूपर इथे सापडलेली बायसनची कवटी, जिच्यावर लाल रंगात नागमोडी रेघ ओढलीये, ती फॉल्सम काळातली (उत्तर अमेरिकेतल्या प्राचीन बायसन-शिकाऱ्यांचा काळ) म्हणजे ढोबळमानाने १०,००० वर्षांहून जुनी. कवटी सजवायची हौस किती जुनी एवढंच त्यावरून कळतं, मण्यांचा तिथे संबंध नाही.

नक्षीत हरीण, मका, पेयोटी हे निवडुंग, सूर्य, गरुड, विंचू हे सारखे येतात. हरीण, मका आणि पेयोटी हे त्रिकूट विशारिका धर्माच्या मुळाशीच आहे. मात्र आज मणी कशावरही बसवतात, लाकडी जॅग्वारच्या डोक्यावर तर बसवतातच, २०१० मध्ये मेक्सिको सिटीच्या लोककला संग्रहालयासाठी अख्खी फोक्सवॅगन बीटल २० लाखांहून जास्त मण्यांनी मढवली. त्यामुळे कवटी दिसली की लगेच बळी, मृत्यू वगैरे अर्थ काढू नये.

कामाची पद्धत अशी की मधमाशीचं मेण आणि पाइनची राळ मिसळून त्याचा पातळ थर कवटीवर हाताने पसरायचा, मग एकेक मणी सुईच्या टोकावर उचलून भोक वर राहील असा दाबायचा. मणी ओवायचे नसतात. साधारण २ मिमीचे म्हणजे ११ नंबरचे मणी चालतात, चेक प्रजासत्ताकातले किंवा जपानी. जपानी जास्त एकसारखे असतात म्हणून ओळी सरळ येतात, डोळ्याच्या खोबणीभोवती नि नाकाच्या हाडाशी हे फार जाणवतं कारण तिथे पृष्ठभाग वळतो आणि ओळ तुटते. शुद्ध मधमेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून असली वस्तू उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली की मणी घसरतात. हौशी मंडळी मेणाऐवजी गोंद वापरतात, तो टिकतो पण चुकलेला मणी काढणं अवघड.

खरी गोची हाडातल्या चरबीची. ती नीट निघाली नाही तर महिन्यांनी बाहेर झिरपते आणि मेण सुटतं. म्हणून कवटी कोमट साबणाच्या पाण्यात बरेच दिवस, पाणी बदलत ठेवतात, नंतर सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करतात. खळखळ उकळली तर चरबी उलट आत मुरते, आणि क्लोरीनवालं ब्लीच हाड भुसभुशीत करतं. गाय, बैल, मेंढा यांच्या शिंगाचं बाहेरचं आवरण केराटिनचं, म्हणजे नखं ज्याची असतात त्या पदार्थाचं असतं, ते आतल्या हाडावरून सुटून येतं, ते वेगळं साफ करून परत बसवतात.

वन्य प्राण्याची कवटी असेल तर देशोदेशीचे कायदे लागतात, आणि प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असली तर सीमेपार नेताना परमिट लागतं, मणी लावले म्हणून सूट नाही. बाजारात गुराढोरांच्या कवट्या जास्त दिसतात त्याचं एक कारण हेही असावं.