उलट्या घड्याळापासून गस्तीच्या वहीपर्यंत: कोकण रेल्वेतील नेतृत्व आणि कामाचा ताण

नेतृत्वाचे गुण आणि कामाचा ताण या विषयांवर कोकणात बोलणे निघाले की कोकण रेल्वेचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि बहुतेक वेळा ते निम्मेच सांगितले जाते. बोगदे, पूल, मुदतीचा ध्यास आणि त्यामागचा खंबीर अधिकारी एवढ्यावर गोष्ट संपते. मार्ग सुरू झाल्यानंतर पावसाळ्यामागून पावसाळे तो चालता ठेवणाऱ्या माणसांवर कोणता ताण आला, आणि तो हलका करण्यासाठी वरच्यांनी काय केले, हा भाग मागे राहतो. या टिपणाचा भर त्यावर आहे.

महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग पाडण्यात आले, प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याच्या हाती सोपवण्यात आला आणि निर्णयाचे बरेच अधिकार त्याच्याकडे देण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जागा घ्यायची होती आणि नव्वदहून अधिक बोगदे खणायचे होते. विचारायला दर वेळी मुंबईला यावे लागले असते, तर हे काम वीस वर्षांतही झाले नसते. कामाच्या ठिकाणी उलटी गणती करणारी घड्याळे बसवली होती; मुदतीला किती दिवस उरले, तो आकडा रोज एकाने कमी होताना अभियंत्यापासून मजुरापर्यंत सर्वांना दिसे. मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांनी आणि त्यातही गोव्यातल्या पेडणे बोगद्याने ही गणती चुकवली. पाच वर्षांचे उद्दिष्ट मागे पडून संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. बांधकामात जीव गमावलेल्यांचे स्मारक रत्नागिरीत आहे, आणि त्या घड्याळाचे कौतुक करताना या स्मारकाचाही उल्लेख व्हायला हवा.

बांधकामाच्या काळात ते घड्याळ योग्य होते, असेच माझे मत आहे. आज गेलेला दिवस तिथे उद्या जास्त माणसे लावून भरून काढता येतो. चालू मार्गावर मात्र वेळेची भरपाई करण्याची सवय जिवावर बेतू शकते, आणि दोन्ही कामांना लागणारे नेतृत्व एकच आहे असे समजण्यात मोठी चूक होते.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधली (मार्गासाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीतली) दरड रुळावर आली, मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्ष भरायला आठवडा असताना, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस तशाच कारणाने घसरली आणि पुन्हा माणसे गेली. कोकण रेल्वेचा खरा इतिहास या दोन जूनमध्ये दुभंगतो. त्यानंतर डोंगरउतार कमी करणे, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवणे, माती खिळवून धरणे ही कामे मोठ्या प्रमाणात झाली आणि पावसाळी वेळापत्रक पक्के झाले. ते बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चालले. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक लागले, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आणि पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसले. मार्गावर साधारण दर किलोमीटरला संपर्काची सोय झाली. जोराच्या पावसात पुढचे दिसेनासे झाले तर लोको पायलटने ताशी ४० किलोमीटरवर यावे, अशी सूचना आली.

या यादीत यंत्रे बरीच आहेत, पण कामाच्या ताणाच्या दृष्टीने शेवटची सूचना सर्वांत मोलाची आहे. तिने उशीर करण्याचा निर्णय गाडी चालवणाऱ्याच्या हाती दिला. १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांच्या माहितीवरून एका संशोधकाने मांडले होते, की माणूस नुसत्या जास्त कामाने खचत नाही. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा वाव लहान असेल तेव्हा तो खचतो. उशिराबद्दल जाब विचारला जाणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो पावसात वेग कमी करतो. ज्याला ते ठाऊक नाही, तो सूचना पाठ असूनही क्षणभर घुटमळतो.

गस्तीच्या माणसाला तर तेवढाही वेळ नसतो. रात्री पावसात, रेनकोट घालून, हातबत्ती आणि फटाके (रुळावर लावायचे, गाडीचे चाक वरून गेले की मोठा आवाज करून चालकाला सावध करणारे) घेऊन तो आपल्या वाट्याचा मार्ग चालतो. कटिंगमध्ये दरड दिसली की तिथे लाल दिवा ठेवायचा, गाडी ज्या बाजूने आधी येण्याची शक्यता आहे त्या बाजूला धावायचे, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. रोहा ते वीर एवढा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे बहुतेक मार्ग एकेरीच आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही गाडी येऊ शकते. इथे आदेशाची वाट पाहायची नसते. रेल्वेतला सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस त्या घटकेला राजधानीसारखी गाडी थांबवतो, आणि त्याबद्दल त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आधुनिक नेतृत्वाविषयी जे जे सांगितले जाते, त्यातले अधिकार खाली सोपवण्याचे तत्त्व याहून स्पष्ट रूपात क्वचितच दिसेल.

आता वादाच्या मुद्द्याकडे यावे लागेल, कारण ताणाची चर्चा तिथे अडते. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांना १९३० मध्ये पहिल्यांदा कायद्याची चौकट मिळाली. सध्याची चौकट १९८९ च्या रेल्वे कायद्यातली असून तिचे तपशील २००५ च्या नियमांत आहेत. त्यात कामाचे चार प्रकार आहेत: तीव्र, सतत, मूलतः खंडित आणि वगळलेले. कायद्यात तीव्र कामाला आठवड्याला सरासरी ४५ तास, सतत कामाला सरासरी ५४ तास आणि मूलतः खंडित कामाला ७५ तासांपर्यंतची मर्यादा आहे. तिसऱ्या प्रकाराला कर्मचारी नुसते ‘ईआय’ (‘इसेन्शियली इंटरमिटंट’ची आद्याक्षरे) म्हणतात. ‘ईआय रोस्टर’, म्हणजे त्या प्रकारचे ड्युटीचे वेळापत्रक, म्हटले की बारा तासांची ड्युटी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काम खंडित केव्हा मानायचे, याची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. बारा तासांच्या ड्युटीत निम्मा किंवा त्याहून जास्त काळ निष्क्रियतेचा असला पाहिजे, त्यात सलग एक तासाचा एक किंवा अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन टप्पे असले पाहिजेत, आणि हे सलग ७२ तासांच्या सरासरीवर पाहायचे. निष्क्रियता म्हणजे कर्मचारी कामावर आहे, पण त्याला शारीरिक हालचाल करावी लागत नाही किंवा सलग लक्षही द्यावे लागत नाही असा काळ.

सगळा गुंता ‘सलग लक्ष’ या शब्दांत आहे. दोन गाड्यांच्या मधल्या दीड तासात लहान स्थानकावरचा स्टेशन मास्तर काय करतो? मार्चमधल्या दुपारी तो जवळजवळ मोकळा असतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जुलैतल्या रात्री तोच माणूस त्याच खुर्चीत बसून पर्जन्यमापकाचा आकडा, पलीकडच्या स्थानकाचा फोन आणि गस्तीवर गेलेल्यांची वेळ या तिन्हींवर लक्ष ठेवून असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा बसलेला माणूसच दिसेल. ते ७२ तास कोणत्या ऋतूतले घ्यायचे, हे व्याख्येत सांगितलेले नाही. देशाच्या सपाट भागात या मौनाने फारसे बिघडत नसेल. वर्षातले चार महिने जिथे डोंगराची धास्ती असते, तिथे बिघडते.

प्रशासनाची अडचण खोटी नाही. बारा तासांच्या जागी आठ तासांची ड्युटी आणायची, तर जिथे दिवसाला दोन माणसे पुरतात तिथे तीन लागतात, आणि रजा व साप्ताहिक सुट्टीची माणसे धरून हा आकडा आणखी फुगतो. उत्पन्न मर्यादित आणि डोंगर सांभाळण्याचा खर्च मोठा असलेल्या महामंडळाला तो भार हलका नाही. तरीही तणावमुक्तीची शिबिरे, योगासने आणि प्रेरणादायी व्याख्याने यांवर भर देऊन रोस्टरचा विषय बाजूला ठेवणे मला पटत नाही. झोप अपुरी राहिलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून त्याची झोप भरून निघत नाही. वाट पाहणे हेही काम आहे, हे ओळखून त्याप्रमाणे माणसे नेमणे हा नेतृत्वाचा गुण मानला गेला, तर पुष्कळसा ताण मुळातच उद्भवणार नाही.

त्यात गणपती येतात. भाद्रपद पावसाळी वेळापत्रकातच पडतो; वेग कमी ठेवायचा असतो त्याच दिवसांत चाकरमान्यांसाठी शेकडो जादा फेऱ्या सोडल्या जातात. मोकळे दीड तास आक्रसून अर्ध्या तासावर येतात आणि फलाटावर उभे असलेले लोक स्टेशन मास्तरला गाडी कुठे आहे, हे दर पाच मिनिटांनी विचारतात.

गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचा पूर चढला तेव्हा चिपळूण ते कामथे दरम्यान वाहतूक थांबवली गेली. जुलै २०२४ मध्ये आधी पेडणे बोगद्यात पाणी आणि चिखल आला, आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दिवाणखवटीत रुळावर माती येऊन मार्ग बंद पडला. हजारो प्रवाशांचे हाल झाले, त्यांचा संताप स्वाभाविक होता, आणि तो ऐकून घेणारी माणसे स्थानकांवरची होती. २०२५ मध्ये महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्राने संमती दिली, तेव्हा कोकण रेल्वे हे नाव टिकावे असा आग्रह धरला गेला.

गस्तीचा माणूस आपला पट्टा संपवून स्थानकावर येतो, वही पुढे करतो आणि स्टेशन मास्तर तिच्यावर वेळ घालून सही करतो. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत तो आला नाही, तर मार्ग सुरक्षित धरायचा नाही, गाड्या थांबवून सावधगिरीचे आदेश द्यायचे आणि त्याचा शोध घ्यायला माणूस पाठवायचा, असा नियम आहे. ती पंधरा मिनिटे स्टेशन मास्तर दाराकडे पाहत खुर्चीत बसून असतो.