पाऊस लागतो तिथे पांढरं, आडोशाला काळं

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा आकाशातून काढलेला एक फोटो अधूनमधून फिरत येतो. एक पूर्ण गोल, शेजारी अर्धचंद्र, आणि खाली मजकूर: 'सूर्य-चंद्राची ऊर्जा खेचणारी प्राचीन रचना'. रचना प्राचीन नाही, अठराव्या शतकातली आहे. गोल म्हणजे वास्तुरचनाकार थोरल्या जॉन वुडने आखलेली 'सर्कस', म्हणजे वर्तुळात बांधलेली घरांची रांग. त्याला स्टोनहेंज हे प्राचीन शिळावर्तुळ आणि ड्रुइड या जुन्या ब्रिटनच्या पुरोहितांचं वेड होतं हे खरं, पण खेचलेली ऊर्जा अजून कुठल्या मीटरवर उमटलेली नाही. अर्धचंद्र म्हणजे 'रॉयल क्रेसेंट', त्याच्या मुलाचं, धाकट्या जॉन वुडचं काम.

१७६७ ते १७७४ या काळात उभी राहिलेली ही ३० घरं भिंतीला भिंत लावून कमानीसारख्या वळणावर बसवली आहेत. तळमजला साधा, आणि त्यावरचे दोन मजले एका दमात चढणारे ११४ आयोनिक, म्हणजे माथ्यावर वेटोळी असलेले, खांब. वुडने ठरवून दिला तो फक्त दर्शनी भाग. घेणाऱ्याने त्यातली आपली लांबी घ्यायची आणि मागे हवं तसं घर बांधायचं. त्यामुळे पुढून एकसंध राजवाडा, आणि मागे गेलात तर छपरं वरखाली, खिडक्या एकमेकींशी न जुळणाऱ्या. पुढच्या बाजूची शिस्त मात्र इतकी कडक, की १९७०च्या दशकात एका घरमालकिणीने दार पिवळं रंगवलं तर नगरपालिकेशी वाद झाला. ती जिंकली.

पण या इमारतीत मला खरा रस आहे तो तिच्या दगडात. आसपासच्या खाणींतला हा मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड साधारण सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात तयार झाला. शंखाच्या कपच्या किंवा वाळूचे कण लाटांबरोबर तळाशी घरंगळत राहिले आणि प्रत्येकाभोवती कॅल्शियम कार्बोनेटची पुटं चढत गेली. भिंगातून पाहिलं तर दगड माशाच्या गाबोळीसारखा दिसतो. ठळक थर नसल्याने तो हव्या त्या दिशेने कापता येतो. खाणीतून ओला निघताना मऊ असतो, वाळला की कडक होतो. खांबांच्या माथ्यावरची नाजूक वेटोळी त्यामुळेच शक्य झाली.

मग शहरभर कोळशाच्या शेगड्या पेटल्या आणि हा दगड काळा पडला. काळं म्हणजे बसलेली काजळी, जोरात घासली की निघेल, असं आपण धरून चालतो. तसं नाही. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. ओलाव्यात, आणि राखेतल्या लोहकणांच्या मदतीने, त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. ते कॅल्शियम कार्बोनेटवर पडलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट, म्हणजे जिप्सम. हेच भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात. म्हणजे दगडाचा पृष्ठभागच जिप्सम होतो. जिप्सम स्वतः पांढरं, पण त्याचे स्फटिक वाढताना काजळीचे कण पोटात घेतात.

आता गंमत अशी की जिप्सम पाण्यात कॅल्साइटच्या, म्हणजे दगडातल्या मूळ कॅल्शियम कार्बोनेटच्या, शंभरपटीहून जास्त विरघळतं. जिथे पावसाची झड थेट लागते तिथे ते वाहून जातं. दगड थोडा झिजतो, पण उजळ राहतो. कॉर्निसखाली, म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या पट्टीखाली, खिडकीच्या कपाळपट्टीखाली, खांबांच्या माथ्याच्या वेटोळ्यांत पाणी पोचत नाही, तिथे काळा थर जाड होत जातो. आम्ल सगळीकडे तेच, नकाशा मात्र वास्तुरचनाकाराने काढलेला.

आणि काळा भाग जास्त धोक्याचा. एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) कॅल्साइट सुमारे ३७ घन सेंटिमीटर जागा घेतो, त्यापासून झालेलं जिप्सम सुमारे ७५. बारीक छिद्रांत ही दुप्पट जागा मिळत नाही. छिद्रांच्या भिंती आतून ढकलल्या जातात, पापुद्रा फुगतो, आणि एक दिवस नक्षीसकट गळून पडतो. मागे उरते हातावर येणारी भुकटी.

म्हणून विसाव्या शतकात बाथची सफाई सुरू झाली तेव्हा जाणत्या लोकांनी पाण्याचं बारीक तुषारसिंचन तासन्‌तास चालू ठेवलं, जिप्सम आपोआप सैल व्हावं म्हणून. वाळूचा जोरदार मारा केला तर काळं जातं, पण वुडच्या कारागिरांच्या छिन्नीची धारही जाते.

हे आपल्याकडे पाहायचं असेल तर मुंबईचा फोर्ट आहे. तिथल्या व्हिक्टोरियन इमारतींत काळ्या बेसाल्टच्या जोडीला पोरबंदरचा दगड वापरलाय, आणि तोही चुनखडीचाच. बेसाल्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट जवळपास नसल्याने त्याच्यावर असं जिप्सम धरत नाही. पोरबंदरच्या दगडातलं कोरीव काम छज्जाखालच्या कोरड्या कोपऱ्यात कसं दिसतं आणि पावसाच्या तोंडावर कसं, हे मान वर करून ताडून बघता येतं.